राणीची मध्यस्थी आणि फादर गुडमन यांचा अर्ज



एस्तेर राणीची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो. परक्या राजाच्या महालात गेलेली यहुदी मुलगी, तिच्या लोकांचा नाश करायला निघालेला हामान, तीन दिवसांचा उपवास आणि मग राजाला दिलेली मेजवानी. मुलांना हामानाची फजिती फार आवडते. मोठ्यांना आवडते ती मध्यस्थी. आपले एक माणूस दरबारात असावे, वेळ आली की त्याने आपल्यासाठी शब्द टाकावा, ही इच्छा कोणत्याही अल्पसंख्य समाजाला परकी नाही. आपल्यालाही नाही.

इतिहासात एका राणीला खुद्द पोप महोदयांनीच ‘एस्तेर हो’ असे सांगितले होते. तिचे नाव हेन्रिएटा मारिया. फ्रान्सच्या राजाची ही धाकटी मुलगी इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाची पत्नी झाली. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात जे यादवी युद्ध पेटले, त्यात राजाला तिच्याइतका जवळचा सल्लागार दुसरा नव्हता. आमच्या सप्तापुरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासना येणाऱ्या मुलांना या युद्धाचे सन पाठ असतात. राणीविषयी विचारले तर ‘ती कॅथलिक होती, म्हणून लोक चिडले’ एवढेच उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही, पण फार अपुरे आहे. आणि ते जसेच्या तसे गळी उतरवणे आपल्यासाठी तर धोक्याचे आहे, कारण त्यातून दोन चुकीचे अर्थ निघतात. एक, श्रद्धा असणे हाच तिचा गुन्हा होता. दुसरा, ती आपली होती म्हणून तिचे सगळे बरोबरच होते.

हेन्रिएटाचा जन्म १६०९ चा. ती सहा महिन्यांची असतानाच तिच्या वडिलांचा, चौथ्या हेन्रीचा, पॅरिसच्या रस्त्यात खून झाला. हा हेन्री आधी प्रॉटेस्टंट होता. पुढे तो कॅथलिक झाला, तरी १५९८ मध्ये त्याने नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले. त्याला मारणारा माणूस कॅथलिक होता, हे आपण लपवू नये. अशा घरातली ही मुलगी पंधराव्या वर्षी, १६२५ मध्ये, समुद्र ओलांडून इंग्लंडला आली.

लग्न ठरत असताना पोप आठवे अर्बन यांनी तिला पत्र पाठवले. त्यात तिच्यापुढे तीन आदर्श ठेवले होते: आपल्या लोकांना वाचवणारी एस्तेर, नवऱ्याला ख्रिस्ताकडे नेणारी फ्रँक राणी क्लोटिल्डा आणि जिच्या विवाहामुळे इंग्लंडच्या भूमीत श्रद्धेला वाट मिळाली ती केंटची राणी बर्था. पंधरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर हे ओझे! आजही आपण लग्न होऊन परक्या घरी जाणाऱ्या मुलींना असेच काहीतरी सांगून पाठवतो, फक्त ओझे थोडे लहान असते.

ती ज्या देशात आली, तिथे १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने पाऊल ठेवणे हाच राजद्रोह होता. शिक्षा मृत्युदंडाची. अँग्लिकन उपासनेला न जाणाऱ्या कॅथलिकांना दंड भरावा लागे. हे कायदे क्रूर होते, यात शंका नाही. पण त्यांच्यामागच्या भीतीलाही कारणे होती आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजेत. मेरी ट्यूडर राणीच्या काळात प्रॉटेस्टंट माणसे जिवंत जाळली गेली होती. १५७० मध्ये पोपनी एलिझाबेथ राणीला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मोकळे केले होते. १५८८ मध्ये स्पेनचे आरमार चालून आले. १६०५ मध्ये काही कॅथलिकांनी पार्लमेंटच उडवून देण्यासाठी तळघरात दारूची पिंपे रचली. सामान्य इंग्रज माणसाच्या मनात ‘कॅथलिक’ म्हणजे ‘परक्याचा हस्तक’ हे समीकरण पक्के झाले होते. हामानाने राजाचे कान भरताना तरी दुसरे काय सांगितले होते? हे लोक वेगळे आहेत, यांचे नियम वेगळे आहेत, यांना राहू देणे तुझ्या हिताचे नाही. हा युक्तिवाद फार जुना आहे आणि तो अजून निवृत्त झालेला नाही.

आता त्या लग्नाच्या कराराकडे पाहू, कारण माझ्या मते पुढच्या सगळ्या अनर्थाचे बी तिथेच आहे. करारातल्या अटी तशा साध्या होत्या. राणीला तिच्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येईल, तिच्याबरोबर धर्मगुरू येतील, तिचे चॅपल असेल. पण याशिवाय एक गुप्त वचनही होते, की इंग्लंडमधल्या कॅथलिकांना यापुढे त्यांच्या श्रद्धेसाठी छळले जाणार नाही. आणि याच चार्ल्सने, राजपुत्र असताना, १६२४ मध्ये पार्लमेंटला शब्द दिला होता की कॅथलिक मुलीशी लग्न केले तरी देशातल्या कॅथलिकांना कसलीही सवलत मिळणार नाही. एकाच माणसाची दोन वचने, एक उघड आणि एक दाराआड. चार्ल्सने सुरुवातीला गुप्त वचन मोडले आणि फ्रान्सचा रोष ओढवून घेतला. पुढे कॅथलिकांवरचा कायद्याचा फास तो हळूहळू सैल करू लागला, तेव्हा उघड वचन मोडल्याचा ठपका आला.

संसाराची पहिली वर्षे वाईट गेली. २ फेब्रुवारी १६२६ रोजी चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. विधी प्रॉटेस्टंट असल्याने हेन्रिएटा त्याला गेलीच नाही. तिला मुकुट कधी चढलाच नाही. त्याच वर्षी चार्ल्सने तिच्या बहुतेक फ्रेंच परिवाराला देशाबाहेर काढले. टायबर्नच्या वधस्तंभाशी जाऊन तिने रक्तसाक्ष्यांसाठी प्रार्थना केली, अशी बातमी तेव्हा लंडनभर झाली होती. पुढे राजाचा लाडका मंत्री बकिंगहॅम याचा १६२८ मध्ये खून झाला आणि नवरा-बायकोच्या मधली भिंतच जणू पडली. त्यानंतर दोघांचे एकमेकांवर जे प्रेम जडले, ते शेवटपर्यंत टिकले. या प्रेमाबद्दल कुणालाच शंका नव्हती. पार्लमेंटला भीती वाटत होती ती याच प्रेमाची.

१६३० चे दशक हा तिच्या प्रभावाचा काळ. लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये तिने भव्य चॅपल बांधवले. तिथे कपुचिन धर्मबंधू मिस्सा अर्पण करत आणि कायद्याला न जुमानता लंडनचे कॅथलिक तिथे गर्दी करत. पोपचे प्रतिनिधी दरबारात उघड वावरू लागले. काही सरदार स्त्रिया कॅथलिक झाल्या. अमेरिकेत कॅथलिक सरदार लॉर्ड बाल्टिमोर याला १६३२ मध्ये वसाहतीची सनद मिळाली आणि तिचे नाव राणीवरून मेरीलँड ठेवले गेले.

आणि तिने माणसे वाचवली, हे तिच्या पदरात टाकलेच पाहिजे. फादर जॉन साउथवर्थ यांना लँकेस्टरमध्ये मृत्युदंड झाला होता. १६३० मध्ये राणीच्या विनंतीवरून त्यांची सुटका झाली. १६३६ मध्ये लंडनमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा हेच फादर वेस्टमिन्स्टरच्या गल्ल्यांतून घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करत होते. ते तुरुंगात कुजले असते, तर त्या घरांत शेवटचा संस्कार द्यायला कोण गेले असते? फादर थॉमस रेनॉल्ड्स यांनाही १६२८ मध्ये मृत्युदंड झाला होता. तिच्या शब्दामुळे तो लांबणीवर पडला आणि आणखी १४ वर्षे मिळाली. मध्यस्थीचे मोल याहून वेगळे सांगायला नको.

पण या मध्यस्थीत एक गोम होती. कायदा तसाच होता. एक कलमही बदलले नव्हते. फाशीची दोरी फक्त एका बाईच्या शब्दाने वर धरलेली होती. ज्यांचा जीव वाचत होता, त्यांना हे कळत असणार. ज्यांना ते जीव नको होते, त्यांना तर चांगलेच कळत होते.

१६३९ मध्ये चार्ल्सने स्कॉटलंडवर अँग्लिकन प्रार्थनापुस्तक लादण्याच्या हट्टापायी युद्ध काढले. त्याच्याकडे पैसे नव्हते, कारण १६२९ पासून त्याने पार्लमेंटच बोलावले नव्हते. तेव्हा राणीने देशातल्या कॅथलिकांना राजासाठी वर्गणी काढायला सांगितले. तिचा हेतू काय असावा, ते दिसते: आम्ही हस्तक नाही, आम्हीच खरे राजनिष्ठ, हे राजाला दिसावे. पण या वर्गणीचा अर्थ बाहेर काय झाला असेल, याचा क्षणभर विचार करा. एका प्रॉटेस्टंट लोकसमूहाविरुद्धच्या युद्धाला कॅथलिक पैसे पुरवत आहेत! घराला कुलूप लावून गुपचूप रोझरी म्हणणारी खेड्यातली कुटुंबेही या एका आवाहनाने राजाच्या पक्षात मोजली गेली. त्यांना कुणी विचारले नव्हते. पुढे राणीने रोमकडेही पैसे मागितले. तिथून उत्तर आले, की राजा कॅथलिक झाला तर बघू. पैसे मिळाले नाहीत. मागितल्याचा बोभाटा मात्र झाला.

आता मी ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या फादर जॉन गुडमन यांच्याकडे येतो. जानेवारी १६४१. नवे पार्लमेंट बसले होते आणि राजाची पकड सुटत चालली होती. गुडमन हे एकेकाळी अँग्लिकन पाळक होते, नंतर कॅथलिक धर्मगुरू झाले. ते पकडले गेले आणि १५८५ च्या त्याच कायद्याखाली त्यांना मृत्युदंड झाला. राणीने नेहमीप्रमाणे शब्द टाकला. राजाने शिक्षा थांबवली.

पाच वर्षांपूर्वी हे खपून गेले असते. आता पार्लमेंट उसळले. दोन्ही सभांनी राजाकडे मागणी केली की कायद्याप्रमाणे याला फाशी द्या. लंडन शहराने तर कर्ज द्यायचेच थांबवले. एका फारशा कुणाला माहीत नसलेल्या धर्मगुरूचा जीव हा राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या दोरीखेचीचा दोर झाला. राजाने शेवटी हात वर केले: मी निर्णय तुमच्यावर सोपवतो, पण परदेशात कॅथलिक राजांच्या राज्यातल्या प्रॉटेस्टंटांवर याचा काय परिणाम होईल, तेवढा विचार करा.

आणि मग तुरुंगातून गुडमन यांचाच अर्ज आला. राजाला उद्देशून. मी जगल्याने तुमच्यात आणि तुमच्या प्रजेत एवढी तेढ पडणार असेल, तर त्यापेक्षा मला मरू द्या, असा त्याचा आशय होता. वादळात सापडलेल्या तारवातल्या खलाशांना योनाने सांगितले होते, मला उचलून समुद्रात टाका, म्हणजे समुद्र शांत होईल. तोच भाव. मात्र योना देवापासून पळत होता. गुडमन पळत नव्हते.

पुढे काय झाले? पार्लमेंटने त्यांना फाशी दिली नाही. जो स्वतःहून मान पुढे करतो, त्याच्या फाशीतून विजय मिळत नाही, हे त्या मुरब्बी मंडळींना कळले असावे. गुडमन न्यूगेटच्या तुरुंगातच राहिले आणि तिथेच वारले.

मी या दोघांना शेजारी ठेवून पाहतो. राणी आणि हा कैदी. दोघांची श्रद्धा एकच, दोघांचे धैर्य खरे. राणी तिच्या लोकांना वाचवण्यासाठी राजाचा कान वापरते. कैदी हाच उपाय देशाला फाडतो आहे हे पाहून तो उपाय नाकारतो. राणी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. आपल्या ओळखीचा माणूस फासावर चढत असताना शब्द न टाकणारी राणी असून काय उपयोग? पण गुडमन यांना एक गोष्ट दिसली होती, जी तिला शेवटपर्यंत दिसली नाही: आपल्याला मिळणारी दया जर दुसऱ्यांना फसवणूक वाटत असेल, तर तिची किंमत आपल्या मागे उभे असलेले दुबळे लोक मोजतात.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचे बंड झाले. शत्रूंनी त्याला ‘राणीचे बंड’ म्हणायला सुरुवात केली. ते तिने घडवले नव्हते, पण आता पुरावा मागतो कोण? पार्लमेंट राणीवरच खटला भरणार अशी कुणकुण लागली, तेव्हा ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला स्वतः कॉमन्स सभेत शिरला. तो कचरत होता आणि राणीने त्याला भित्रा म्हणून डिवचले, असे सांगतात. ते सभासद आधीच निसटले होते. राणीने विश्वासाने ही गोष्ट लेडी कार्लाइलच्या कानावर घातली होती आणि त्या बाईने ती पुढे पोचवली. एस्तेरने तीन दिवस उपवास केला, दोन मेजवान्या दिल्या आणि योग्य घडी येईपर्यंत ओठ मिटून ठेवले. हेन्रिएटाला तेवढी उसंत धरवली नाही.

फेब्रुवारी १६४२ मध्ये ती मुकुटाची जवाहिरे घेऊन हॉलंडला गेली. ती गहाण ठेवून तिने दारूगोळा विकत घेतला. सावकार टाळाटाळ करत, कारण हे दागिने राजाचे की राज्याचे, हा प्रश्न होता. वर्षभराने ती परतली ती वादळातून. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ब्रिडलिंग्टनला उतरली, त्या रात्री पार्लमेंटच्या जहाजांनी तिच्या घरावर तोफा डागल्या. ती नेसत्या वस्त्रांनिशी धावली, मध्येच कुत्रा राहिला म्हणून परत गेली आणि त्याला घेऊन खंदकात पडून राहिली. नंतर सैन्य घेऊन ती दक्षिणेकडे निघाली, तेव्हा नवऱ्याला पत्रात स्वतःला गमतीने सेनाध्यक्षा म्हणवून घेत होती. धाडसी बाई होती, यात वादच नाही.

मे १६४३ मध्ये कॉमन्स सभेने तिच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला. त्याआधीच, मार्चमध्ये, सॉमरसेट हाउसचे चॅपल फोडले गेले. वेदीवरचे रुबेन्सने काढलेले ख्रिस्ताच्या क्रुसारोहणाचे चित्र थेम्स नदीत फेकले गेले. एप्रिल १६४४ मध्ये, गरोदरपणात, तिने ॲबिंग्डनला नवऱ्याचा निरोप घेतला. ती दोघे पुन्हा कधी भेटली नाहीत. जूनमध्ये मुलगी झाली आणि पुढच्याच महिन्यात ती आजारी अवस्थेत फ्रान्सला निघून गेली.

तिथून ती पत्रे लिहीत राहिली आणि त्या पत्रांनीच घात केला. जून १६४५ मध्ये नेझबीच्या लढाईत राजा हरला आणि त्याची पत्रांची पेटी शत्रूच्या हाती पडली. पार्लमेंटने ती पत्रे छापली. त्यात चार्ल्सने राणीला लिहिले होते, की मला मदत मिळणार असेल तर कॅथलिकांविरुद्धचे सगळे दंडकायदे मी उठवीन, असे वचन तू माझ्या नावाने दे. पुन्हा तेच. वीस वर्षांपूर्वीचे गुप्त वचन, आता युद्धाच्या बाजारात. जी मागणी न्यायाची होती, ती भर चौकात मांडायला हवी होती. ती पेटीत सापडली, म्हणून ती कट ठरली.

एक गोष्ट मला विशेष बोचते. १६४६ मध्ये राजा स्कॉट लोकांच्या ताब्यात होता. तेव्हा राणीने आग्रह धरला की त्यांची प्रेस्बिटेरियन व्यवस्था मान्य कर, बिशपपद सोडून दे, पण सैन्यावरचा हक्क सोडू नकोस. तिच्या लेखी अँग्लिकन काय आणि प्रेस्बिटेरियन काय, दोन्ही पाखंडच. चार्ल्सने नकार दिला; त्याच्यासाठी तो विवेकाचा प्रश्न होता. स्वतःच्या श्रद्धेसाठी मुकुट नाकारणाऱ्या स्त्रीला नवऱ्याच्या श्रद्धेचे मोल कळू नये! आपल्या वाचकांत चर्च ऑफ साउथ इंडियाची, बासल मिशनच्या परंपरेतली मंडळी आहेत. त्यांच्याशी बोलताना आपणही कधी कधी याच वाटेने जातो.

३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. तेव्हा पॅरिसमध्येही यादवी पेटली होती आणि तिथेही राज्याचा कारभार पाहणारी राजमाता, ऑस्ट्रियाची ॲन, परक्या देशातूनच आलेली होती. त्या हिवाळ्यात लूव्रच्या महालात हेन्रिएटाकडे सरपणाला पैसे नव्हते. धाकट्या मुलीला थंडी लागू नये म्हणून तिने दिवसा अंथरुणातच ठेवले होते. नवऱ्याच्या मृत्यूची बातमी तिला उशिरा मिळाली.

आणि ज्यांच्यासाठी ती एस्तेर होणार होती, त्यांचे काय? तिचा शब्द चालेनासा झाला आणि वर धरलेली दोरी खाली आली. फादर विल्यम वॉर्ड यांना जुलै १६४१ मध्ये, फादर अँब्रोझ बार्लो यांना त्याच सप्टेंबरमध्ये मृत्युदंड दिला गेला. १४ वर्षे वाचलेले फादर रेनॉल्ड्स २१ जानेवारी १६४२ रोजी टायबर्नला गेले. प्लेगमध्ये घरोघर फिरलेले फादर साउथवर्थ २८ जून १६५४ रोजी. साउथवर्थ आणि बार्लो यांना १९७० मध्ये चाळीस रक्तसाक्ष्यांबरोबर संतपद मिळाले. या मृत्यूंचा दोष राणीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दोष कायद्याचा आणि तो राबवणाऱ्यांचा. पण तिच्या मर्जीच्या आधाराने तो कायदा एका दिवसासाठीही रद्द झाला नव्हता, हेही तितकेच खरे.

ती यातून काही शिकली का? १६५४ मध्ये तिने धाकट्या हेन्रीला, राजाच्या प्रॉटेस्टंट मुलाला, जबरीने कॅथलिक करायचा प्रयत्न केला आणि तो ऐकेना म्हणून त्याला घराबाहेर काढले. तेव्हा बहुधा नाहीच.

आता तुम्ही विचाराल, धारवाडकरांना या राणीचे काय? तर हिचा मोठा मुलगा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला आणि त्याने पोर्तुगालच्या राजकन्येशी, ब्रागांझाच्या कॅथरिनशी, लग्न केले. पुन्हा परदेशी राणी, पुन्हा कॅथलिक. हिच्याच हुंड्यात मुंबई बेट इंग्रजांना मिळाले, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आपला धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, तेव्हा ती मुंबई आपल्यालाही काही परकी नाही.

शाळेत जे सांगत नाहीत, ते त्या करारातले अकरावे कलम. २३ जून १६६१ च्या या करारात मुंबई देताना स्पष्ट लिहिले आहे की तिथल्या रहिवाशांना राहता येईल आणि आजवर जशी चालत आली तशीच रोमन कॅथलिक उपासना मोकळेपणाने करता येईल. ज्या इंग्लंडमध्ये मिस्सा अर्पण करणे गुन्हा होता, त्याच इंग्लंडच्या राजाने मुंबईच्या कोळ्या-भंडाऱ्यांना हे लिहून दिले. दाराआड नाही, करारात.

गोव्याच्या व्हाइसरॉयला, आंतोनियू दे मेलू दे कास्त्रो यांना, हे पटले नव्हते. पाखंड्यांच्या हाती कॅथलिक प्रजा द्यायची, या विचारानेच ते बेचैन होते आणि त्यांनी हस्तांतर शक्य तितके लांबवले. तोवर इंग्रज शिपाई कुठे थांबले होते? आपल्या कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर. तिथे रोगराईने त्यांची वाताहत झाली, सेनापती सर अब्राहम शिपमनही तिथेच वारला. उरलेल्या मूठभर माणसांना घेऊन हम्फ्री कुकने फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला. व्हाइसरॉयची भीती खोटी म्हणता येणार नाही. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना मुंबईतून घालवलेच. पण त्यांच्या जागी पाळक आले नाहीत. कार्मेलाइट धर्मगुरू आले. मिस्सा बंद झाली नाही.

कॅथरिन राणीने सासूसारखे राजकारण केले नाही. तरीही १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या लबाड माणसाने ‘कॅथलिकांचा कट’ रचून सांगितला, तेव्हा ती राजाला विष घालणार होती असा आरोप तिच्यावर आला. चार्ल्सने तो फेटाळला आणि तिला अंतर दिले नाही. पण त्या खोट्या कटापायी अनेक निरपराध माणसे फासावर गेली. आर्माघचे आर्चबिशप संत ऑलिव्हर प्लंकेट १६८१ मध्ये त्यातलेच. म्हणजे राणी गप्प राहिली तरी संशय गप्प राहत नाही. हेन्रिएटाच्या चुका मोजताना हे विसरता कामा नये.

तिचा शेवट १० सप्टेंबर १६६९ रोजी पॅरिसजवळ कोलोंब इथे झाला. झोप यावी म्हणून वैद्यांनी दिलेल्या अफूच्या औषधातून ती उठलीच नाही. तिचे हृदय शायो इथल्या, तिनेच उभारलेल्या मठात ठेवले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १६६८ मध्ये, तिच्या मुलाने मुंबई बेट वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले होते. अकरावे कलम बेटाबरोबर कंपनीकडे गेले.